पाच सिग्मा म्हणजे किती खात्री?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ४ जुलै २०१२ रोजी अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगगटांनी हिग्ज कणाच्या शोधाचे निकाल मांडले. दोघांच्याही आलेखात साधारण १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक उंचवटा होता. पडद्यावर ‘पाच सिग्मा’ उमटलं आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. त्यानंतर अनेक वर्तमानपत्रांनी त्या आकड्याचा अर्थ असा सांगितला, की हिग्ज कण आहे याची आता ९९.९९९९ टक्के खात्री पटली आहे.

हा अर्थ चुकीचा आहे, एवढ्यावर माझ्या परिचयातल्या दोन माणसांचं एकमत आहे. बरोबर अर्थ काय आणि त्याला किती मान द्यायचा, इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. सर पुण्यात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांची एक विद्यार्थिनी पुढे भौतिकशास्त्राकडे वळली आणि आज सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या एका प्रयोगात काम करते. सुट्टीत पुण्याला आली की ती सरांकडे जाते, आणि बोलणं फिरून फिरून सिग्मावर येतं. अशा एका संध्याकाळी मी तिथे होतो. तिला मी आधी सिग्मा म्हणजे काय ते सांगायला लावलं.

“समजा,” ती म्हणाली, “आपण दोन फोटॉन बाहेर पडलेल्या टकरी वेचतोय. त्या दोन फोटॉनांच्या ऊर्जेवरून आणि दिशेवरून ते ज्या कणातून निघाले असतील त्याचं वस्तुमान काढता येतं. मग वस्तुमानाचे कप्पे पाडायचे आणि कोणत्या कप्प्यात किती घटना पडल्या ते मोजायचं. नवा कण नसला तरी घटना पडतातच, कारण दोन फोटॉन इतर शेकडो कारणांनी निघतात. त्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. एका कप्प्यात बॅकग्राउंडच्या दहा हजार घटना पडतील असा अंदाज असेल, तर मोजणीत दर वेळी नेमक्या दहा हजार येणार नाहीत. थोड्या कमी, थोड्या जास्त येतील, आणि ही कमी-जास्ती साधारण त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर. हा शंभर म्हणजे एक सिग्मा. मोजल्यावर १०,३०० निघाल्या तर तीन सिग्मा, १०,५०० निघाल्या तर पाच.”

“आणि निव्वळ योगायोगानं पाच सिग्मा वर जायची शक्यता?”

“सुमारे ३५ लाखांत एक. नाणं उडवल्यावर लागोपाठ बावीस वेळा छापा पडावा, जवळपास तेवढी. तीन सिग्माची सुमारे ७४० मध्ये एक, म्हणजे लागोपाठ नऊ-दहा छापे.”

सर इतका वेळ गप्प होते. “यात तिनं एक अट सांगितली, ती तुम्ही टिपून घ्या,” ते मला म्हणाले. “‘नवा कण नसला तरी.’ सगळा हिशेब त्या अटीखाली आहे. कण नाही असं धरलं, तर एवढा उंचवटा दिसायची शक्यता ३५ लाखांत एक. वर्तमानपत्रं याचं काय करतात? उंचवटा दिसलाय, तर कण नसण्याची शक्यता ३५ लाखांत एक, असं लिहून मोकळी होतात. ही दोन विधानं एक नव्हेत. दुसरं विधान करायचं तर मोजणीच्या आधी त्या कणावर तुमचा किती भरवसा होता तेही सांगावं लागतं, आणि सिग्मात ते कुठेच नसतं.”

“हे आम्हालाही मान्य आहे, सर.”

“मान्य आहे ना? मग ऑपेराचं काय?”

सरांचा हा आवडता दाखला. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगगटानं जाहीर केलं, की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. या निकालाचं वजन होतं सहा सिग्मा, हिग्जपेक्षाही जास्त. तरी न्यूट्रिनोंनी प्रकाशाला मागे टाकलं असं मानायला भौतिकशास्त्रज्ञ तयार नव्हते. निकाल काढणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही. आमची चूक शोधायला मदत करा, असंच त्यांचं म्हणणं होतं. काही महिन्यांनी वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसली नव्हती हे सापडलं, आणि ते ६० नॅनोसेकंद गेले.

“सहा सिग्मावर विश्वास बसला नाही, पाच सिग्मावर बसला,” सर म्हणाले. “म्हणजे ठरवणारी गोष्ट सिग्मा नव्हतीच. हिग्जची अपेक्षा १९६४ पासून होती, आणि प्रकाशाहून वेगवान न्यूट्रिनोची कुणालाच नव्हती. मनातला खरा हिशेब तुम्ही बाहेर सांगत नाही आणि दारावर पाच सिग्माची पाटी लावता.”

ती या मुद्द्याला उत्तर द्यायच्या आधी हा आकडा आला कुठून, त्याकडे वळली. मला तिचं ते वळण योग्य वाटलं. या नियमाला सिद्धांताचा आधार थोडा आणि अनुभवाचा जास्त आहे.

“पाच हा आकडा कुणी गणितातून सिद्ध केलेला नाही,” ती म्हणाली. “साठच्या दशकात बबल चेंबरच्या फोटोंमधून कणांचे उंचवटे धडाधड निघत होते आणि त्यातले बरेचसे पुढे नाहीसे होत होते. आर्थर रोझेनफेल्ड यांनी १९६८ मध्ये हिशेब मांडला, की वर्षभरात जगात एवढे आलेख काढले जातात आणि प्रत्येक आलेखात इतके कप्पे तपासले जातात, की चार सिग्माचे काही उंचवटे निव्वळ योगायोगानंच निघायला हवेत. म्हणजे एका कप्प्यापुरता आकडा कितीही भारी दिसला, तरी आपण किती ठिकाणी डोकावलो तेही मोजायला पाहिजे.”

या डोकावण्याचा धडा फर्मिलॅबमध्ये १९७६ मध्ये मिळाला. लिऑन लेडरमन यांच्या गटाला ६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी मोजक्या घटनांचा पुंजका दिसला. असा पुंजका कुठेही योगायोगानं तयार व्हायची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे असं त्यांनी काढलं आणि त्या कणाला उप्सिलॉन नाव सुचवलं. आणखी मोजणी केल्यावर कण गायब झाला. पुढच्याच वर्षी याच गटाला साडेनऊ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी खराखुरा कण सापडला, त्यातून बॉटम क्वार्कचं अस्तित्व कळलं, आणि उप्सिलॉन हे नाव त्याला गेलं.

“आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका,” ती म्हणाली. “डिसेंबर २०१५ मध्ये मी पीएचडी करत होते. अ‍ॅटलासला ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी दोन फोटॉनांचा उंचवटा दिसला. त्या एका जागेपुरता हिशेब केला तर साडेतीन ते चार सिग्मा. पण उंचवटा या पट्ट्यात कुठेही येऊ शकला असता हे धरलं, की उरत होते सुमारे दोन. सीएमएसलाही तिथेच थोडं काहीतरी दिसत होतं. पुढच्या काही महिन्यांत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत आणखी डेटा आला आणि तिथे काहीच उरलं नाही. माझ्या आजूबाजूचे लोक महिनोन्महिने त्या कणावरच बोलत होते, सर. पण एकाही प्रयोगगटानं ‘शोध’ हा शब्द वापरला नाही. तो शब्द कशानं रोखला? तुम्ही ज्याला दारावरची पाटी म्हणता, त्या नियमानं.”

सर यावर थोडे थांबले. मग म्हणाले, “रोखला, हे खरं. पण नियम नसतानाही तुमच्या शास्त्रानं मोठे शोध लावले. ओमेगा-वजा हा कण १९६४ मध्ये ब्रुकहेवनला सापडला तो बबल चेंबरच्या एका फोटोवरून. एकच घटना! तिथे वर्गमूळ कशाचं काढणार? पण त्या फोटोतला एक एक माग असा जुळत होता, की दुसरं स्पष्टीकरणच सुचत नव्हतं. अँडरसननं १९३२ मध्ये पॉझिट्रॉन ओळखला तोही क्लाउड चेंबरमधल्या वळलेल्या मागावरून. आणि अलीकडचं हवं असेल तर टॉप क्वार्क घे. १९९५ मध्ये फर्मिलॅबच्या दोन गटांनी शोध जाहीर केला तेव्हा सीडीएफकडे ४.८ सिग्मा होते आणि डी-झीरोकडे ४.६. त्या डी-झीरोत आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरची माणसंही होती. पाच कुणाकडेच नव्हते. शोध मात्र खरा होता आणि आजही आहे.”

“कारण दोन स्वतंत्र गटांनी एकच गोष्ट पाहिली होती.”

“तेच म्हणतोय मी! दोन स्वतंत्र गट, हा खरा पुरावा. तो आकड्यात दिसत नाही.”

यापुढे सरांनी जे केलं त्यामुळे माझं मत त्यांच्याकडे झुकलं, म्हणून ते सविस्तर देतो. त्यांनी कागद ओढला आणि तिचाच दाखला पुढे चालवला. बॅकग्राउंडचा अंदाज दहा हजार, मोजल्या १०,५००, सिग्मा शंभर, म्हणून पाच सिग्मा. “आता मला सांग, दहा हजार हा अंदाज आला कुठून?”

“आजूबाजूच्या कप्प्यांवरून एक वक्ररेषा बसवतो, कधी संगणकावर टकरींची नक्कल करतो.”

“म्हणजे त्यातही चूक असू शकते. किती?”

“समजा एक टक्का.”

“एक टक्का म्हणजे शंभर घटना. योगायोगाचे शंभर आणि अंदाजातल्या चुकीचे शंभर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढ. १४१. पाचशेला १४१ नं भागलं की साडेतीन. तुझे पाच सिग्मा साडेतीनवर आले आणि डेटामधली एकही घटना बदलली नाही. बदललं काय, तर तू तुझ्या अज्ञानाबद्दल एक टक्का जास्त बोललीस.”

“हे आम्ही धरतोच, सर. प्रकाशित आकड्यात सिस्टिमॅटिक चुका आधीच मिसळलेल्या असतात.”

“पूर्ण ऐक. आता डेटा चौपट कर. बॅकग्राउंड चाळीस हजार, जादा घटना दोन हजार. योगायोगाचा सिग्मा दोनशे, पण अंदाजातल्या एक टक्का चुकीच्या चारशे. एकत्र ४४७. दोन हजार भागिले ४४७, साडेचारच्या आतच. चौपट डेटाला तुला फक्त एक सिग्मा मिळाला. आणि डेटा कितीही वाढवलास तरी पाचाच्या पुढे जाणार नाहीस, कारण जादा घटना पाच टक्के आणि अंदाजातली चूक एक टक्का. योगायोग डेटानं झिजतो, ही दुसरी चूक झिजत नाही. आणि तो एक टक्का कुठल्या उपकरणानं मोजला? गटानं आपसांत चर्चा करून ठरवला. ऑपेराच्या लोकांनीही आपल्या सहा सिग्मात सिस्टिमॅटिक चुका धरल्या होत्या. त्यांना ठाऊक होत्या तेवढ्या. निसटलेली जोडणी त्या यादीत नव्हती, कारण ती कुणाला ठाऊकच नव्हती.”

मी सिग्मावर जे काही वाचलं आहे त्यात हा मुद्दा क्वचितच इतका उघडा करून मांडलेला दिसतो. सिग्मा हा तराजूवरच्या वजनासारखा बाहेरून मिळालेला आकडा आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या छेदात संशोधकांनी स्वतःबद्दल केलेला अंदाज बसलेला असतो.

तिनं हा हिशेब खोडून काढला नाही, पण ती हटलीही नाही. “एक टक्का आपसांत ठरवतो असं म्हटलंत, ते मात्र मला मान्य नाही. आम्ही अंध विश्लेषण करतो. ज्या कप्प्यांत नवा कण अपेक्षित असतो ते झाकून ठेवतो. निवड कशी करायची, बॅकग्राउंड कसा काढायचा, चूक किती धरायची, हे सगळं आधी ठरतं, गटातलेच इतर लोक ते उलटसुलट तपासतात, आणि मगच झाकण निघतं. उंचवटा बघून एक टक्क्याचा अर्धा टक्का करायची सोयच ठेवलेली नाही. आणि काही ठिकाणी तर योगायोगही गृहीत धरावा लागत नाही, चक्क मोजता येतो. लायगोचं उदाहरण तुम्हाला आवडेल.”

गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाला. लायगोच्या लोकांनीही कणभौतिकीचंच माप वापरलं होतं, आणि आकडा होता ५.१ सिग्मापेक्षा जास्त. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे दोन शोधयंत्रं आहेत. खरी लहर दोन्हींवर फार तर १० मिलिसेकंदांच्या अंतरानं पोचायला हवी. ती म्हणाली, “त्यांनी एका ठिकाणचा डेटा दुसऱ्याच्या तुलनेत मुद्दाम मागे-पुढे सरकवला, या १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त. असं सरकवल्यावर जे जुळेल ते लहरीमुळे जुळलेलं असूच शकत नाही. तो शंभर टक्के योगायोग. हेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या अंतरानं केलं. सोळा दिवसांच्या डेटातून त्यांनी सहा लाख वर्षांएवढा योगायोग तयार केला, आणि त्या सगळ्यात एवढा जोरकस संकेत एकदाही आला नाही. यात वक्ररेषा नाही की संगणकावरची नक्कल नाही. यंत्राचा खराखुरा गोंगाट आहे, ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या खोडींसकट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगोचं यंत्र उभं राहील तेव्हा हीच पद्धत आपल्याकडेही वापरली जाईल.”

सरांना ते खरंच आवडलं. “हे उत्तम आहे,” ते म्हणाले. “पण सगळीकडे असं सरकवता येत नाही. कोलायडरमध्ये काय सरकवशील?”

“नाही सरकवता येत,” ती म्हणाली.

मग सरांनी आपली मागणी मांडली. तिच्यात नवं काही नाही असं तेच म्हणाले. हिग्जची घोषणा झाली त्याच महिन्यात ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली यांनी अँथनी ओहेगन यांच्यामार्फत भौतिकशास्त्रज्ञांना जाहीर प्रश्न विचारला होता, की तुम्ही पाच सिग्माचाच आग्रह का धरता? पुढच्या वर्षी कणभौतिकीतल्याच लुई लायन्स यांनी सुचवलं, की उंबरठा दाव्यानुसार बदलावा. टॉप क्वार्क एकट्यानं तयार होणं अपेक्षितच होतं, त्याला तीन सिग्मा पुरेत. न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान असल्याचा दावा असेल तर आठाच्याही वर मागावेत.

“एवढंच करा,” सर म्हणाले. “आधीचा भरवसा उघड सांगा.”

“भरवसा कुणाचा धरायचा, सर? तीन हजार लोकांच्या गटात प्रत्येकाचा वेगळा. उंबरठा दाव्यागणिक बदलायला लागलो तर आवडता सिद्धांत तीन सिग्मावर पास होईल आणि नावडता दहावरही नापास. आज आवडता आणि नावडता दोघांना एकाच मापानं मोजलं जातं. हे माप कच्चं आहे हे मला मान्य आहे, पण ते कुणाकडे बघून बदलत नाही. आणि आमची भाषा बघा. तीन सिग्मा असले तर शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘पुरावा’ म्हणायचं, पाच असले तर ‘निरीक्षण’. २०१२ च्या सीएमएसच्या शीर्षकात १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका नव्या बोसॉनचं निरीक्षण एवढंच आहे. त्यात हिग्ज हे नावही नाही. अ‍ॅटलासच्या शीर्षकात ते नाव आहे, पण हिग्जचा शोध घेताना एक नवा कण दिसला अशा रीतीनं. तो कण हिग्जसारखाच वागतो हे मार्च २०१३ मध्ये, त्याचे गुणधर्म तपासल्यावर म्हटलं गेलं. पाच सिग्मानं ‘इथे योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे’ इतकंच सांगितलं होतं, आणि आम्हीही तितकंच लिहिलं.”

या मुद्द्यावर मला तिचं म्हणणं अधिक पटतं. गोंधळ वर्तमानपत्रांत झाला, शोधनिबंधांत नाही. पण म्हणून सरांचा आक्षेप मिटत नाही, हे म्युऑन या कणाच्या गोष्टीत दिसलं. तो विषय तिनंच काढला, कारण तिच्या मते यात सिग्माची सगळ्यात अवघड बाजू आहे.

म्युऑनच्या चुंबकीय आघूर्णाचं माप फर्मिलॅबनं एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केलं. ब्रुकहेवनचं जुनं माप त्यात मिळवल्यावर सिद्धांताच्या आकड्यापासून ते ४.२ सिग्मा दूर होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये माप आणखी अचूक झालं, आणि त्याच जुन्या सैद्धांतिक आकड्याशी तुलना केली तर अंतर पाचाच्या वर गेलं. नियमाप्रमाणे बघायचं तर उंबरठा ओलांडला होता. पण दरम्यान महासंगणकांवर लॅटिस पद्धतीनं केलेली गणितं वेगळा सैद्धांतिक आकडा देत होती. २०२५ मध्ये सिद्धांतवाल्यांच्या गटानं त्या गणितांवर आधारलेला नवा आकडा प्रसिद्ध केला. पाठोपाठ जूनमध्ये फर्मिलॅबचं अंतिम माप आलं, अब्जात १२७ भाग इतक्या अचूकतेचं, आणि आधीच्या मापांशी अगदी जुळणारं. मापाचं टोक जागच्या जागी होतं. सिद्धांताचं टोक सरकलं आणि पाच सिग्मांचं अंतर उरलं नाही.

“मग मधल्या दोन वर्षांतले पाच सिग्मा काय होते?” सरांनी विचारलं.

“एका विशिष्ट सैद्धांतिक आकड्यापासूनचं अंतर होतं, आणि त्या आकड्याची सिस्टिमॅटिक चूक कमी धरली गेली होती.”

“आणि ती कमी धरली आहे हे त्या वेळी सिग्मावरून कळायला काही मार्ग होता?”

“सिग्मावरून नव्हता. दोन सैद्धांतिक पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं, आणि ते प्रत्येक भाषणात सांगितलं जात होतं.”

“मग वर्तमानपत्रवाल्यांना पहिल्या ओळीत ते सांगा, सिग्मा दुसऱ्या ओळीत. पाच सिग्मा पहिल्या ओळीत दिलेत की दुसरी ओळ कुणी वाचत नाही.”

“पहिल्या ओळीत दिलं तर ते छापणार नाहीत, सर.”

“छापू देत नाहीतर न छापू देत. तू तुझ्या पुढच्या निकालाच्या प्रसिद्धिपत्रकात घालून बघ.”

तिनं ते कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. असं पत्रक अनेक समित्यांमधून जातं आणि प्रत्येक वाक्यावर टिपणं येतात, असं म्हणून पहिल्या ओळीचा मजकूर कसा असेल, तो ती सरांना विचारू लागली.